माळकऱ्याची मांजर

पंढरपूरच्या जुन्या गावात, प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बोळांत अशी घरं आहेत, की घरातल्या सगळ्या माणसांच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि एकच जीव बिनमाळेचा असतो. तो ओट्याखाली बसतो, दूधपोळी खातो, दुपारी देवघराच्या उंबऱ्याला पाठ लावून झोपतो आणि दिवेलागण झाली की जिन्याने माळवदावर जाऊन दिसेनासा होतो. सकाळी दारात कधी उंदराचं शेपूट सापडतं, कधी चिमणीची दोन पिसं. घरातली आजी ‘पांडुरंग, पांडुरंग’ म्हणत ते केरसुणीने सुपलीत ओढते, जागेवर पाण्याचा हबका मारते आणि चहाला आधण ठेवते. त्यावर घरात बोलणं होत नाही. बोलायचं नाही असं ठरलेलं नसतं, पण होत नाही खरं.

याच घरातली नात पुण्याला नोकरी करते. तिच्याकडेही मांजर आहे. तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीला जाळी लावलेली, शी-शूला मातीचा ट्रे, वर्षाला लस. आषाढीला गावी आली की ती म्हणते, “आजी, मनीला बाहेर सोडत नको जाऊस गं. गाडीखाली येईल, कुत्री फाडतील, आणि ती पक्षी मारते ते वेगळंच.” आजी म्हणते, “अगं, मांजर आहे ती. दावणीला बांधायला काय गाय आहे?” दोघींचं आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षं चालू शकतो. पाळलेली मांजर मोकळी सोडावी की कोंडून ठेवावी, हा प्रश्न साहेबी देशांत आहे तसा आता आपल्याकडेही आला आहे. पण दोघीही दाराविषयी भांडतात. माझ्या मते पंढरपुरात तरी हा प्रश्न दारापाशी सुरू होत नाही, तो वाटीपाशी सुरू होतो.

त्या वाटीत काय असतं? दूध आणि पोळी. मांजर हा पूर्णपणे मांसावर जगणारा प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर तग धरतो, मांजराचं तसं नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा झिजत जाऊन मांजर आंधळं होतं, हे 1975 मध्ये सिद्ध झालं. हृदयाचा स्नायू सैल पडून ते मरतं, हे 1987 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं आणि त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं. दुधाचं म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतसुद्धा नाही. त्यांना आवडतं एवढंच.

मग माळकऱ्याची मांजर पिढ्यान्‌पिढ्या दूधपोळीवर धष्टपुष्ट कशी राहिली? राहिली कारण ती दूधपोळीवर नव्हतीच. ती माळवदावर, मठाच्या कोठीत, शेजारच्या पडक्या वाड्यात जेवत होती. घरची वाटी म्हणजे नुसतं तोंड गोड करणं. घराने आपला आचार पाळला आणि त्या आचारात न बसणारी गोष्ट रात्री घराबाहेर, नजरेआड होऊ दिली. यात दांभिकपणा आहे असं मी म्हणणार नाही, कारण कुणी ते योजून केलेलं नाही. पण व्यवस्था अशी आहे, की आजीचं उघडं दार हे मांजराच्या स्वातंत्र्यासाठी जेवढं उघडं आहे तेवढंच आपल्या स्वयंपाकघरात मांस येऊ नये म्हणूनही उघडं आहे.

आता नातीचा सल्ला या घराला लावून पाहा. दार बंद केलं आणि वाटी तीच ठेवली, तर मनी हळूहळू आंधळी होऊन मरेल. दार बंद करायचं तर वाटी बदलायला हवी. म्हणजे घरात मासळी, निदान कोंबडीचे तुकडे आले पाहिजेत. ज्या घरात अंडं फोडलेलं नाही तिथे हे कोण करणार? यातून एक मजेशीर पळवाट निघाली आहे. दुकानातल्या तयार खाद्याच्या पिशवीत मासळी आणि कोंबडीच असते, पण ते दिसतं चुरमुऱ्यासारखं आणि सुटं ओतता येतं. त्यामुळे पिशवीवर माशाचं चित्र असूनही ती कित्येक माळकरी घरांच्या फडताळात बिनबोभाट जाऊन बसली आहे. मला ही पळवाट मान्य आहे. मांजर पाळायची तर कुणीतरी कुणालातरी मारणार, हे निदान त्या पिशवीने घरात आणलं. मांजर एकादशी धरत नाही, आणि आषाढीला गावातली मांसविक्री बंद झाली तरी तिची शिकार बंद होत नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की मांजर पाळणं म्हणजे तिची शिकार आणि तिची वीण आपल्या नावावर घेणं. दार उघडं ठेवलं म्हणून ती आपल्या नावावरून उतरत नाही.

आजीच्या बाजूने पहिला मुद्दा नेहमी उंदरांचा येतो, आणि पंढरपुरात तो हलका नाही. हे गाव धान्याच्या साठ्यावर उभं आहे. मठ, धर्मशाळा, फड, वारीआधी भरलेल्या कोठ्या, लाह्या-बत्ताशांची आणि चुरमुऱ्यांची दुकानं, वाड्यांच्या मातीच्या भिंती आणि धाब्याची छपरं: उंदराला याहून काय हवं? माणसाने मांजर आणलीच नाही, ती धान्यामागे आलेल्या उंदरांमागे आली, असं पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली आहे. तेव्हा हे नातं जुनं आहे आणि कामाच्या बोलीवरचं आहे.

पण मांजर खरंच किती काम करते? आपल्याच राज्यात या प्रश्नाचा एक विसरला गेलेला अध्याय आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो सगळ्या मुलखात पसरला. त्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन असलेल्या बुकॅनन नावाच्या लष्करी डॉक्टरांनी गावोगाव मांजरांची मोजदाद केली. जिथे घरागणिक मांजरं भरपूर, तिथे प्लेग फिरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 1908 मध्ये त्यांनी ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं आणि मांजरं पाळा म्हणून प्रचारही केला. वऱ्हाडातल्या गावांतली मांजरं लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात गेली, ही गोष्ट मला फार आवडते. मात्र पुढे काय कळलं तेही सांगायला हवं. मांजरालाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात मांजरांपासून माणसांना प्लेग झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे जो पहारेकरी ठेवला तोच कधीकधी चोराला घरात घेऊन येतो.

उंदरांचंही सगळं एका मापाने मोजून चालत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचरा प्रकल्पात अभ्यासकांनी 79 दिवस कॅमेरे लावून मांजरं आणि मोठे उंदीर यांच्यावर नजर ठेवली. 2018 मध्ये निष्कर्ष आला: मांजरांनी एवढ्या दिवसांत दोनच उंदीर मारले. उंदीर मात्र मांजर दिसली की आडोसा धरायचे, त्यामुळे लोकांना वाटायचं उंदीर कमी झाले. आपल्याकडे ज्याने मठाच्या कोठीत घूस पाहिली आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. घुशीसमोर भलाभला बोका वाट बदलतो. चिचुंद्री मांजर मारते पण वासामुळे खात नाही, तशीच अंगणात टाकून देते. तिच्या पंजाखाली खरा येतो तो घरातला बारका उंदीर, फडताळामागचा. त्याचा बंदोबस्त ती चोख करते, आणि जुन्या वाड्यात तेवढं पुरेसं कारण आहे. पण त्यासाठी तिला गावभर फिरावं लागत नाही. फडताळ घरातच असतं.

उंदरांचा विषय सोडण्याआधी एक. उंदरांसाठी लोक जे औषध ठेवतात, ते झिंक फॉस्फाईड असो की रक्त गोठू न देणारं नवं विष असो, ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही जाऊ शकते. एकाच बोळात एकाने मांजर ठेवायची आणि शेजाऱ्याने औषध ठेवायचं, असं आपल्याकडे सर्रास चालतं.

नातीच्या बाजूचा बळकट मुद्दा पक्ष्यांचा. तो परदेशातून आला आहे म्हणून उडवून लावता येत नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी अंदाज बांधला की त्या एका देशात मोकळी मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. उंदीर-घुशी-खारींसारख्या लहान प्राण्यांचा आकडा त्याच्या कितीतरी पट. यात बहुतांश वाटा बेवारशी मांजरांचा होता, पाळलेल्यांचा कमी. ब्रिटनमध्ये मात्र पक्षीसंरक्षणाची सगळ्यात मोठी संस्था अनेक वर्षं सांगत आली आहे, की बागेतल्या मांजरांमुळे देशभरातले पक्षी घटले याचा स्पष्ट पुरावा नाही. ब्रिटनमध्ये मांजर बाहेर जाणं हे सभ्य घराचं लक्षण, अमेरिकेत ते बेफिकिरीचं लक्षण. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा शहराने 1 जुलै 2022 किंवा त्यानंतर जन्मलेली मांजरं आवारातच ठेवावीत असा कायदा केला. तीन देश इंग्रजीच बोलतात आणि तिघांची मतं तीन. कारण तिघांच्या जमिनीवरचे पक्षी वेगळे आहेत. म्हणून आपण आपली जमीन पाहावी.

आणि इथे पंढरपूर एक नाही, दोन आहेत.

महाद्वार, चौफाळा, नामदेव पायरीचा परिसर, घाटांकडे उतरणारे बोळ हे एक पंढरपूर. इथे पक्षी म्हणजे पारवे, कावळे, साळुंक्या, उरल्यासुरल्या चिमण्या. पारव्यांना मांजरीची झळ लागत नाही, त्यांना धान्य टाकणाऱ्या भाविकांचा वरदहस्त आहे. चिमणीचं मात्र दुखतं, कारण ती वाड्याच्या वळचणीला घरटं करते आणि वाडेच पडत चालले आहेत. वाडा पाडून सिमेंटची इमारत उभी राहते तेव्हा किती घरटी जातात याचा हिशेब न करता मनीच्या तोंडातल्या एका चिमणीवर चर्चा करणं मला थोडं हास्यास्पद वाटतं.

दुसरं पंढरपूर इसबावीच्या बाजूला, यमाई तलावाच्या आसपास, गोपाळपूरच्या वाटेला, नव्या प्लॉटांचं. तिथे कुंपण संपलं की ऊस, ज्वारी, द्राक्षबाग, पडीक माळ. नदीचं वाळवंट आणि माळ हे जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचं घर. टिटवी खडीत चार अंडी घालते आणि तिथेच ओरडत राहते. लावा, तित्तर, रातवा, चंडोल सगळे जमिनीवरचे. जर्मनीतल्या वालडोर्फ नावाच्या गावाने 2022 मध्ये हुकूम काढला, की वसंतापासून ऑगस्टअखेर गावाच्या एका भागातल्या मांजरांनी घराबाहेर पडायचं नाही. मांजर बाहेर दिसली तर दंड, आणि ज्या पक्ष्यासाठी हुकूम निघाला त्याला तिने मारलं तर पन्नास हजार युरोपर्यंत. तो पक्षी म्हणजे तुरेवाला चंडोल. त्याचा सख्खा भाऊबंद आपल्या सोलापूरच्या माळांवर राहतो. दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करणाऱ्या कर्नल साईक्स यांनी 1832 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो साईक्सचा चंडोल. माळढोकासाठी आपण नान्नजला 1979 पासून अभयारण्य ठेवलं. चंडोलासाठी कुणी काही ठेवलेलं नाही. तो माळावर आहे तोवर आहे. जर्मनीत त्यांच्याकडे मूठभर जोड्या उरल्यावर मांजरं कोंडायची वेळ आली.

ऊसतोडीत कधीकधी वाघाटीची पिल्लं सापडतात. लोक त्यांना बिबट्याची समजून घाबरतात किंवा मांजराची समजून घरी नेतात. वाघाटी ही जगातली सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक. गावातली मांजर शेतात हिंडते तेव्हा तिचे रोगही तिच्याबरोबर शेतात, वाघाटीच्या वाटेवर हिंडतात. तेव्हा इसबावीला बंगला बांधून राहायला गेलेल्याने महाद्वारातल्या आजीचा न्याय आपल्याला लावून घेऊ नये. त्याने मांजर आवारात ठेवावी, विशेषतः फेब्रुवारी ते पावसाळा सुरू होईपर्यंत, टिटवीच्या दिवसांत. इथे मी नातीच्या बाजूचा आहे, बिनशर्त.

मांजराची स्वतःची बाजू कुणी मांडायची? आपण ‘मोकळीक’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे रानोमाळ भटकणारा स्वच्छंद जीव असतो. सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात यंत्र अडकवून त्या कुठे जातात ते पाहिलं गेलं, 2020 मध्ये ते प्रसिद्ध झालं. बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच घुटमळत होती. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपण म्हणतो, त्या सात घरांपलीकडे ती स्वतःही फारशी जात नाही. तिचं स्वातंत्र्य म्हणजे पाचसहा छपरं, एक पत्रा, कुणाच्या तरी मोरीमागची ऊबदार जागा आणि दोन बोक्यांशी चाललेला जुना तंटा. याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी, की एवढ्याशा जागेत सगळी शिकार एकवटल्यामुळे त्या जागेतल्या बारक्या जिवांवर तिचा भार रानातल्या शिकाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो.

या पाचसहा छपरांची किंमत ती मोजते. कुत्री, दुचाक्या, विष, मारामारीत चिघळलेली जखम, पिल्लांना झटपट नेणारा मांजरांचा पार्व्हो. घरातली मांजर सरासरीने जास्त जगते, याबद्दल पशुवैद्यांत फारसं दुमत नाही. पण खिडकीसुद्धा बंद असलेल्या दोन खोल्यांत एकटं सोडलेलं, न खेळवलेलं, खाऊन खाऊन फुगलेलं मांजर हेही सुखी मांजराचं चित्र नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं सापडली, शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, महापालिकेने नोटीस काढली. ती सगळी मांजरं घरातच होती. दारबंदी म्हणजे माया असं समीकरण मांडणाऱ्यांनी त्या फ्लॅटचा विचार करावा.

पण पक्षी, उंदीर, आयुर्मान या सगळ्यांपेक्षा पंढरपुरात मोठा प्रश्न विणीचा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, एका वेताला तीन ते पाच पिल्लं, वर्षाला दोन किंवा तीन वेत. मनी एकटी बाहेर गेली तर एकटी परत येत नाही, असं समजा. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1894 मध्ये दीपगृह उभं राहिलं आणि त्याच्याबरोबर मांजर आली. त्या बेटावर एक न उडणारा इवलासा पक्षी होता, जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. वर्षा-दोन वर्षांत तो संपला. दीपगृहाच्या रखवालदाराच्या एकट्या मांजरीने अख्खी जात संपवली अशी दंतकथा झाली. नंतरच्या अभ्यासकांनी सांगितलं की एकटीने नव्हे, वाढलेल्या बेवारशी मांजरांनी. माझ्या दृष्टीने ही दुरुस्ती दंतकथेपेक्षा जास्त बोलते.

आपल्याकडे वाढलेल्या पिल्लांचं काय होतं? मांजर मारली तर सोन्याची मांजर काशीला वाहावी लागते, हे ऐकून मोठे झालेलो आपण पिल्लं मारत नाही. पिल्लं डोळे उघडायच्या आत पोत्यात घालून सायकलीवर टांगली जातात आणि नदीपल्याड, नाहीतर बाजाराच्या कडेला, नाहीतर एखाद्या मठाच्या मागच्या दारी सोडली जातात. ‘तिथे खायला मिळेल’ असं म्हणून. ती तिथे खात नाहीत. दुधासाठी ओरडतात आणि दोन दिवसांत कुत्र्याच्या तोंडी जातात. पाप लागू नये म्हणून मारलं नाही, आणि पाप लागू नये म्हणून मागे वळून पाहिलंही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा असं उपाशी मरायला सोडून देणं हा गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. 1960 साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात पोतंसुद्धा धड येत नाही.

याच गावात राका कुंभाराची कथा सांगतात. महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजया’त ती लिहिली. राकाच्या कच्च्या मडक्यांपैकी एकात मांजरीने पिल्लं घातली. त्याला पत्ता नाही. त्याने आवा रचला आणि पेटवला. मांजर आव्याभोवती ओरडत फिरू लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याने पांडुरंगाचा धावा केला. आवा निवल्यावर उघडला तर ते एक मडकं कच्चंच आणि आत पिल्लं जिवंत. कीर्तनात ही कथा चमत्काराकडे वळते आणि टाळ्या घेते. मला त्यातला आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. मांजर राकाची होती असं कथा म्हणत नाही. ती येऊन-जाऊन असणारी, मोकळी मांजर. “मी कुठे तिला बोलावलं होतं? तिनेच येऊन माझ्या मडक्यात घातली” असं म्हणायला त्याला पूर्ण वाव होता. तो तसं म्हणाला नाही. आवा माझा, जाळ माझा, तेव्हा पिल्लंही माझीच, असं त्याने मानलं, आणि पुढे कथेत तो आपला संसारच लुटवून देतो. आपण मात्र दूध घालतो, नाव ठेवतो, मुलांना तिच्याशी खेळू देतो आणि नसबंदीचा विषय निघाला की म्हणतो, “आमची कुठे आहे ती? येते-जाते.”

नसबंदीला विरोध होतो तो ‘निसर्गाच्या विरुद्ध’ म्हणून. ज्या मुलखात बैल खच्ची केल्याशिवाय औताला जुंपत नाहीत त्या मुलखाने हे म्हणावं याची गंमत वाटते. खरा अडथळा पैशाचा आणि सवयीचा आहे. गावाकडे पशुवैद्यकीय दवाखाना म्हटला की गाय, म्हैस, शेळी. मांजर पिशवीत घालून तिथे नेणाऱ्याकडे रांगेतली माणसं हसून बघतात. खासगीत भाटीची शस्त्रक्रिया काही हजारांत जाते, आणि दूधपोळीवर वाढलेल्या जिवावर काही हजार खर्च करायची आपल्याला सवय नाही. पुणे महापालिकेने 2022 मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची थट्टाच जास्त झाली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला होता. नोंद झाली की मांजर कुणाची हा प्रश्न कागदावर तरी सुटतो.

तर माझं मत असं. जुन्या गावात, नसबंदी झालेली आणि दरवर्षी रेबीजची लस टोचलेली मांजर दिवसा मोकळी असायला माझी हरकत नाही. मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो आणि बोळातली पोरं तिला उचलून घेत असतात, म्हणून लसीत सूट नाही. रात्री तिला घरात घ्यावी. अंधारात गाडीखाली येणं, बोक्यांच्या मारामाऱ्या आणि कुत्र्यांच्या टोळ्या, सगळं रात्रीचंच. वाटीत मांस असावं, पिशवीतलं का होईना. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 च्या प्रयोगात मांसप्रधान खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, आणि दिवसाला पाच-दहा मिनिटं नुसतं खेळवलं तरी 25 टक्क्यांनी. त्याच प्रयोगात गळ्यातल्या घंटेचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावर पिढ्यान्‌पिढ्या खल करणाऱ्या उंदरांना हे कुणीतरी कळवायला हवं.

आणि वारीत कोंडावी. आषाढीचे ते आठ-दहा दिवस निराळेच असतात. घरातल्या खोल्या वारकऱ्यांना दिलेल्या, जिन्यात पथाऱ्या, दारं सताड उघडी, बोळात पाय ठेवायला जागा नाही, वाळवंटातले कर्णे रात्रंदिवस चालू. लाखो माणसं येतात, त्यांचे ट्रक-टेम्पो गावाभोवती लागतात. मांजर घाबरून जी एकदा निघते ती या गर्दीत वाट हरवते. या दिवसांत आतल्या खोलीत तिची सोय करून दाराला कडी लावणं म्हणजे अन्याय नव्हे. आजीने स्वतः या दिवसांत किती वेळा घराबाहेर पाऊल टाकलेलं असतं? तीही दिंडीच्या पंगतीसाठी पोळ्या लाटत आतच असते.

ज्याला नसबंदी करायची नाही, लस टोचायची नाही, वाटी बदलायची नाही, त्याने मांजर पाळू नये. उंदरांसाठी पिंजरा मिळतो.

राहता राहिली ती ‘येते-जाते’वाली, सात घरांची मांजर. तिचा मालक कुणीच नाही, पण तिला दूध घालणारी घरं बोळातल्या सगळ्यांना माहीत असतात. हरिनाम सप्ताहाला, गणपतीला, बोळातल्या दिव्याला वर्गणी काढायची रीत आपल्याकडे आहेच, पावतीपुस्तकं आहेत, घरोघर फिरणारी पोरं आहेत. सात घरांत विभागले तर एका भाटीच्या शस्त्रक्रियेचे पैसे एका घराला गणपतीच्या वर्गणीहून जड पडणार नाहीत. पावतीवर नाव कुणाचं लिहायचं यावर मात्र भांडण होईल, आणि ते एकदा व्हायलाच हवं.